आवाजाचं गिऱ्हाईक एकच असेल तर
(बंगळुरूत संशोधक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शहरात टेक कंपन्यांची मक्तेदारी म्हटलं की स्टार्टअपवाल्यांचं गाऱ्हाणं आठवतं, गूगल प्ले स्टोअरवर किती कमिशन कापतं ते. ते खोटं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या 2021 च्या धोरणावरून मेटाला 213.14 कोटींचा. पण मला आज वेगळ्या ताकदीबद्दल बोलायचंय. विकत घेणाऱ्याच्या.

एआयला मराठी ऐकायला शिकवायचं तर माणसांचे आवाज लागतात. 2020 साली इथल्याच मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी इतरांसोबत एक शोधनिबंध मांडला. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी, अशा 36 जणांकडून 109 तासांचं मराठी ध्वनिमुद्रण जमवलं. निष्कर्ष काय, तर गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं. (हे सिद्ध करायला निबंध लागला याचं मला हसू आलं. पण केलं ते बरंच झालं.) काम तोडीचं, मग भाव कोण ठरवणार? आवाज घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच असतील, तर त्याच ठरवणार.

आपल्याला हे नवं नाही. महाराकडे काम सरकारचं आणि गावाचं, मोबदला मात्र कुणब्याच्या खळ्यावर, त्याच्या मर्जीने. कामाला माप नाही, वेळेला हद्द नाही. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. कामं नेमून द्या, बलुत्याऐवजी रोख द्या, ज्याला वतन सोडायचंय त्याला सोडू द्या, ही त्यातली मागणी. तुलना ताणायची नाही मला. मोबाइल खाली ठेवला म्हणून आज कुणावर गाव बहिष्कार टाकत नाही. पण भाव ठरवताना ज्याचं काम त्यालाच विचारायचं नाही, ही रीत तीच.

स्पर्धा कायदा 2002 चं कलम 4 बघा. वर्चस्व असलेल्याने अन्याय्य किंमत लादू नये, आणि ती विक्रीतच नव्हे, खरेदीतही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडची टेकवरची चर्चा मात्र अ‍ॅपवाले, फोनवाले आणि वापरणारे यांच्याभोवतीच फिरते. आवाज देणारा त्यात कुठे बसतो?

म्हणून फील्डवर मी तीनच गोष्टी विचारणार आहे. तासाला किती मिळाले? मध्ये ठेकेदार किती? आणि तोच आवाज उद्या दुसऱ्या कंपनीला विकायची मुभा करारात आहे का?

जय भीम.