राखीव छत्रीची पायलट छत्री

२८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या मॅककुक फील्डवर, लेस्ली अर्विन याने सुमारे १,५०० फूट उंचीवर असलेल्या विमानातून उडी घेतली आणि काही क्षण मोकळे पडल्यानंतर स्वतःच्या हाताने कळ ओढून छत्री उघडली. त्यापूर्वीच्या छत्र्या बहुधा दोरीने विमानाला अथवा बलूनला जोडलेल्या असत. मोकळा पडणारा माणूस शुद्ध हरपून बसेल, अशी अनेक जाणकारांची समजूत होती. अर्विन शुद्धीवर राहिला. उतरताना घोटा मोडला, एवढेच. त्याच्या मोठ्या छत्रीबरोबर एक लहान छत्री होती. हिलाच पायलट छत्री म्हणतात, आणि आजच्या भाषणाचा विषय तीच आहे.

पायलट छत्रीचे काम माणसाला तोलण्याचे नव्हे. तिने आधी बाहेर पडून वाऱ्यात जागा धरावयाची व घडी घातलेली मोठी छत्री ओढून काढावयाची. खेळ म्हणून आकाशातून उड्या घेणाऱ्याच्या पाठीवर आज दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीची पायलट छत्री तो हाताने वाऱ्यात फेकतो. ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात बिल बूथ याने रूढ केली. राखीव छत्रीच्या बाबतीत मात्र हातावर विसंबता येत नाही. मुख्य छत्री दगा देते तेव्हा माणूस गिरक्या खात असतो, कधी उताणा असतो, कधी बेशुद्धही. म्हणून राखीव छत्रीच्या पायलट छत्रीत एक जोरकस स्प्रिंग बसविलेली असते. पिन निघाली की झाकणाच्या पाकळ्या सुटतात आणि स्प्रिंग उसळून पायलट छत्रीला दूर भिरकावते.

दूर कशासाठी? धावत्या बसच्या मागे धूळ आणि कागदाचे कपटे कसे घुटमळतात, हे सर्वांनी पाहिले आहे. पालथ्या पडणाऱ्या माणसाच्या पाठीवरही असाच मंद, गोंधळलेल्या हवेचा पट्टा असतो. दुबळी पायलट छत्री त्यात सापडली की पाठीवरच लोळत राहते, आणि तेवढ्या वेळात माणूस शेकडो फूट खाली आलेला असतो. स्प्रिंगने तिला या पट्ट्यापलीकडे, स्वच्छ वाऱ्यात पोहोचवावयाचे असते.

तरीही ती हातापायांत वा अर्धवट उघडलेल्या मुख्य छत्रीत अडकली तर काय? याचे उत्तर फार सुंदर आहे. राखीव छत्री ज्या पिशवीत असते ती पिशवी छत्रीला बांधलेलीच नसते. पिशवी व पायलट छत्री यांना जोडणारी पट्टी मुद्दाम लांब व रुंद ठेवतात. पायलट छत्री अडकली तरी या पट्टीवर वारा भरतो, पिशवी ओढली जाते, छत्री तिच्यातून मोकळी होते, आणि पिशवी, पट्टी व पायलट छत्री तिघी मागे राहतात.

आता घडीविषयी. मुख्य छत्रीची घडी उडी घेणारा स्वतः घालू शकतो. राखीव छत्रीची घडी अमेरिकेत केवळ परवानाधारक रिगरनेच घालावयाची असते. स्प्रिंग दाबताना कापडाचा एखादा पदर वेटोळ्यांत चिमटला तर ती वाकडी उसळते, म्हणून कापड वेटोळ्यांबाहेर काढून नीट बसवावे लागते. स्प्रिंग सरळ दाबली जावी, फासाची दोरी मधोमध यावी, पिन ओढण्यास २२ पौंडांहून, म्हणजे सुमारे १० किलोंहून अधिक जोर लागू नये, हे सारे पाहावयाचे. घडी चालू असताना रिगर एक तात्पुरती पिन वापरतो. ती काढण्याचे विसरला, तर छत्री वरून निर्दोष दिसेल आणि कधीच उघडणार नाही. म्हणूनच चांगला रिगर काम संपल्यावर प्रथम हत्यारे मोजतो. मग पिनेला दोरा गुंडाळून तो शिशाची मोहोर लावतो व नोंद करून सही करतो.

१९९१ मध्ये जर्मनीतील हेल्मुट क्लोट याचे 'सायप्रेस' हे स्वयंचलित उपकरण बाजारात आले. माणूस अतिवेगाने सुमारे २२५ मीटरांवर आला की त्यातले छोटे पाते फासाची दोरी कापते. उपकरणाचे काम तेथे संपते. ते पायलट छत्रीला फेकत नाही. पुढचे सगळे पुन्हा स्प्रिंगवरच येते. सेकंदाला सुमारे ५४ मीटर या वेगाने २२५ मीटर संपावयास चार सेकंदांहून थोडाच अधिक वेळ लागतो, आणि छत्री उघडण्यास मानकांनी सामान्यतः तीन सेकंदांची मुभा दिलेली आहे. हिशेब किती तंग आहे, हे यावरून ध्यानात यावे. तशात पाठीवरचे सामान लहान व चपळ दिसावे, या हौसेपोटी पुष्कळजण तोकड्या पेटीत मोठी छत्री ठासून भरतात. स्प्रिंग पायलट छत्री फेकते, पण पिशवी कोपऱ्यांत अडून राहते. या हौसेला समंजसपणा म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने अनुभवी उडीपटूंसाठी मुख्य छत्री उघडण्याची किमान उंची २,००० फुटांवरून २,५०० फूट केली, ती अशाच हिशेबाने.

अमेरिकेत २००८ च्या अखेरीपर्यंत राखीव छत्री दर १२० दिवसांनी उघडून पुन्हा भरावी लागे. आता नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या छत्रीस १८० दिवस चालतात, रेशमाच्या छत्रीस मात्र ६०. मुदतीत बहुतेक छत्र्यांची मोहोर जशीच्या तशी असते. तरीही रिगर ती तोडतो, पेटी जमिनीवर ठेवून पिन ओढतो, आणि पायलट छत्री किती उंच उसळते ते पाहतो.