कोंबडीने काय खाल्लं, ते विचारा

शहरांतल्या दुकानांत आता ‘ओमेगा-३ युक्त’ किंवा ‘सेलेनियमयुक्त’ असा शिक्का असलेली अंडी दिसतात, क्वचित चिकनही. तारापूर एमआयडीसीतला कामगार रात्रपाळी संपवून बोईसरच्या बाजारात असं पाकीट हातात घेतो, तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. याने पोट कमी होईल का? आणि अंगात काही भर पडेल का?

आधी ही भर येते कुठून, ते पाहू. शेळीसारखा रवंथ करणारा कोठा कोंबडीला नसतो. त्यामुळे तिच्या खाद्यात जवस मिसळला, की त्यातली ओमेगा-३ चरबी फारशी न बदलता अंड्यात आणि मांसात उतरते. बकऱ्याच्या पोटातले जंतू मात्र त्यातला बराचसा भाग घट्ट चरबीत बदलून टाकतात. पुण्याच्या भारती विद्यापीठात जवसाचा हाच गुण धरून ओमेगा-३ युक्त अंड्यांवर काम झालं. सेलेनियमचंही तसंच. सेलेनियमयुक्त यीस्ट खाद्यात घातलं, की ते थेट स्नायूंच्या प्रथिनांत जाऊन बसतं.

तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी फाटक बघता बघता गंजतं. शरीरातल्या चरबीलाही ऑक्सिजनमुळे असाच एक गंज चढत असतो. तो रोखणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला सेलेनियम लागतं, आणि ई जीवनसत्त्व त्याच्या जोडीला उभं राहतं. आयर्लंडमध्ये १६१ जणांवर झालेल्या चाचणीत ओमेगा-३ युक्त चिकन आणि अंडी खाणाऱ्यांच्या रक्तातलं ओमेगा-३ वाढलेलं दिसलं. म्हणजे ताटातलं रक्तात उतरतं, एवढं खरं. पण सेलेनियमची गरज प्रौढाला दिवसाला जेमतेम ४० मायक्रोग्रॅम. गोळ्यांचा मारा करून ते फार वाढवलं, तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

वजन मात्र शिक्क्याने उतरत नाही.

कातडी काढलेल्या शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीत सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं आणि १६५ कॅलरी असतात. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं, हा फायदा साध्या चिकनमध्येही आहेच. त्यावर पडलेला तेलाचा एकेक मोठा चमचा १२० कॅलरी वाढवतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तळलं, तर ज्या ओमेगा-३ साठी जादा पैसे मोजले तेच कढईत खराब होतं. लिंबू, हळद, आलं-लसूण लावून मंद आचेवर रस्सा करावा. गंजही कमी, तेलही कमी.

बोईसरच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार-मोखाड्यात, प्रश्न उलटा आहे. तिथे वजन वाढायला हवं. अमृत आहार योजनेतून तिथल्या बालकांना अंडी किंवा केळी दिली जातात. एका साध्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अशा मुलाला महागड्या शिक्क्यापेक्षा ते साधं अंडं नेमाने मिळणं महत्त्वाचं.

आणि जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे बोंबील? जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर, जोडीने वाळत घातलेला हा मासा. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच. वाळला, की १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिनं, शिवाय भरपूर कॅल्शियम. सेलेनियम तर समुद्राच्या माशांत मुळातच असतं. नाचणीच्या भाकरीबरोबर मूठभर सुके बोंबील, वर लिंबाची फोड, हे जेवण बोईसरच्या चाळीतही परवडतं आणि मोखाड्याच्या पाड्यावरही.

उच्च रक्तदाब असलेल्यांनी खारवलेले मासे टाळावेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं किती खायची ते डॉक्टरांना विचारावं. आणि बाजारात सुके बोंबील घेताना हातात धरून वास घ्या. पिवळट पडलेला, खवट वास मारणारा वाटा परत ठेवा. त्यातली चरबी आधीच गंजलेली असते.