भोंगा कोणी वाजवायचा?

मंडळी, ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध ज्यांनी शाळेत लिहिला नाही त्यांनी हात वर करावेत. एकही नाही! मीही लिहिला, आणि पुढे तीस वर्षं तपासला. आरंभी अणुबाँब, मध्ये पेनिसिलिन, शेवटी ‘उपयोग माणसाच्या हाती आहे’. दहापैकी सात गुण. कोणत्या माणसाच्या हाती, हे मात्र मी वर्षानुवर्षं विचारलं नाही.

एके वर्षी नववीला निबंधाऐवजी नांगर दिला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना आणला. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते, असा समज. पोरं हसली. हसू दिलं आणि मग विचारलं, ज्या वावरावर सगळं घर जगतं, त्यात अनोळखी वस्तू शेतकऱ्यानं का घालावी? लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा, लोखंडी रोकडा मोजून घ्यायचा. मग सुताराचं काय झालं? मागच्या बाकावरचा, एरवी मिटून बसणारा एक मुलगा त्या तासाला पहिल्यांदा बोलला. त्याच्या पणजोबांचा वाकस अजून घरात होता. हे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरलेल्यांत भाऊराव पाटीलही होते. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू करताना ती पाहिलेली खेडी त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, असं मला आपलं वाटतं.

पण नांगराला शेतकरी ‘नको’ म्हणू शकत होता. कोयनेच्या खोऱ्यात ती सोय नव्हती. १९६२च्या सुमारास धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागलं आणि गावं उठली. कुणी सोलापुरात, कुणी सांगलीत, कुणी रायगडात गेलं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पाणी पश्चिमेला उतरतं, वीज होते. आजची क्षमता १९६० मेगावॅट. पाणी साठू लागल्यावर छोटे धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा भूकंप झाला. शंभरावर माणसं गेली. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकतो, हे समजून घ्यायला आज जगभरचे अभ्यासक कोयनेचं उदाहरण घेतात. भूगोलाच्या तासाला एवढं शिकवून मी थांबत असे. आता पुढे विचारतो, दिवा कुणाच्या घरात लागला आणि भिंत कुणाची पडली? ‘धरण नको होतं’ असं उत्तर काढून घेण्यासाठी मी हे विचारत नाही, हे इथं स्पष्ट सांगतो. कोयनेच्या विजेवर मीही वाढलो.

एक विषय मी फार दिवस टाळला. सोनोग्राफी. पोटातल्या बाळाची तब्येत कळावी म्हणून आलेलं यंत्र आपल्या सुपीक, शिकलेल्या, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात काय करून बसलं, ते जनगणनेत आहे. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८५१, २०११ मध्ये ८६७. सातारा ८७८ आणि ८९५. लिंगनिदानाला मनाई करणारा केंद्राचा कायदा १९९४चा. हे फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हजेरीपट मोजा. खडू खाली ठेवला. एरवी तास संपायची वाट पाहणारा वर्ग घंटा झाली तरी उठला नाही.

शेवटी भोंगा. आपल्याकडे भोंगा म्हणजे कारखान्याचा, पाळी बदलल्याचा. २०२२ साली कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं नवाच भोंगा काढला. करोनाच्या काळात शाळेसाठी हातात आलेला मोबाइल सुटेना, म्हणून संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघर टीव्ही, मोबाइल बंद. यंत्राला कधी गप्प बसवायचं हे गावानं ठरवलं, याचं मला फार अप्रूप. वर्गात भरभरून सांगितलं आणि विचारलं, आपल्या गावात सुरू करायचं का?

एक मुलगी उठली. “सर, सात ते साडेआठ मी भाकऱ्या थापते. तेव्हाच घर शांत करून मला काय उपयोग?”

मग कधी वाजवायचा? तिनं पहाटे पाचची वेळ सुचवली. मुलग्यांनी ती एकमतानं फेटाळली.