मुलांना रान दाखवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेली काही वर्षे आम्ही विहारातली मुलं घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला जातो. दर वेळी एखादी माउली अडवते. म्हणते, "भाऊ, काट्याकुट्यातून सुटायला आमचे बाप गाव सोडून मुंबईला आले, आणि तुम्ही पोरांना परत रानात नेता? उगाच शिकवणी बुडते!" या बोलण्यात वेदना आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी लाकडाच्या मोळ्या वाहिल्या. रान म्हणजे राबणं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. पण बंधू-भगिनींनो, त्या पोटासाठी रानात गेल्या. आपली मुलं शिकायला जातात. हा फरक लहान नाही.

बाल सिद्धार्थ जांभळाच्या झाडाखाली ध्यानाला बसले. बोधी मिळाली पिंपळाखाली. महापरिनिर्वाण झालं दोन शालवृक्षांच्या मध्ये. आणि आपल्या पोरांना वड कोणता, पिंपळ कोणता हे कळू नये?

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. खडकात कोरलेल्या पाटांतून पावसाचं पाणी टाक्यात कसं उतरतं, हे मुलं स्वतः बोट ठेवून शोधतात. तिथल्या एका शिलालेखात, पाण्याचं टाकं कल्याणच्या सोनाराने दान दिल्याची नोंद आहे. हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे राजाने नाही, हाताने काम करणाऱ्या माणसाने दिलं?" हा मुलगा शाळेत तोंड उघडत नाही, असं त्याची आई सांगायची!

त्याच डोंगरात कारवी आहे. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. पहिलीत फुलोरा पाहिलेलं मूल पुढचा फुलोरा नववीत पाहील. धीर धरणं म्हणजे काय, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात की, मुलं रोज उजेडात, मोकळ्यावर खेळली तर लवकर चष्मा लागण्याचा धोका कमी होतो.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितलं आहे की, केवळ ऐकलं म्हणून मानू नका, स्वतः जाणून घ्या. रानात मुलं नेमकं हेच करतात. पुस्तक हवंच, बाबासाहेबांनी दिलेला शिक्षणाचा वसा आपण सोडणार नाही. पण पुस्तकातलं पान आणि झाडाचं पान, दोन्ही मुलांच्या हातात पडू द्या.

तेव्हा आमची एकच विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातला एक रविवार द्यावा. सोमवारी उद्यान बंद असतं. पाणी आणि भाजी-पोळीचा डबा घ्या, कचरा परत आणा, माकडांना खायला देऊ नका. बिबट्याचं रान आहे, म्हणून मुलांना एकटं सोडू नका आणि उजेडी परत फिरा. आणि त्या माउलीलाही आमचं आग्रहाचं सांगणं आहे, मुलांबरोबर तुम्हीही या. यंदा डोक्यावर मोळी नसेल.

जय भीम! नमो बुद्धाय!