डुकरांचा बंदोबस्त आणि शिकाऱ्याची बंदूक



उभा जन्म कामगारांच्या संघटनेत घालवलेल्या माणसाने डुकरांवर काय बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. संबंध आहे, तो ओघात येईलच.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. सह्याद्रीतले रानडुक्कर या भूमीचेच जनावर. त्याचा कोकणातल्या शेतकऱ्याला होणारा उपद्रव खरा, पण तो प्रश्न निराळा. मी बोलतो आहे अमेरिकेविषयी. तिथे हे जनावर मुळात नव्हतेच. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोटो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तो फौजेच्या पोटासाठी डुकरे घेऊन. त्यांतली काही सुटली. पुढे वसाहतवाल्यांचीही सुटून रानटी झाली. १९१२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड डोंगरावर एका धनिकाने शिकारीच्या हौसेखातर युरोपातली रानडुकरे आणून कुंपणात कोंडली. तीही निसटली. म्हणजे या दुखण्यात शिकारीच्या हौसेचा वाटा पहिल्यापासून आहे.

आज तिथे अशी डुकरे ६० लाखांच्या घरात आहेत. मादी वर्षाच्या आत विते, एका वेताला चारसहा पिले. अभ्यासकांचा अंदाज असा, की वर्षाला ७० टक्क्यांच्या आसपास डुकरे काढली तरच संख्या वाढायची थांबते. एका रात्रीत कळप मक्याचे पेरलेले शेत ओळीने उकरून बियाणे खाऊन जातो. शेतकऱ्याने पुन्हा पेरायचे.

मग शिकाऱ्याला मोकळीक द्या, असे कोणीही म्हणेल. टेक्ससने २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याचे हक्क हौशी शिकाऱ्यांना पैसे घेऊन देण्यास परवानगी दिली. टेनेसीने १९९९ मध्ये राज्यभर शिकार खुली केली होती. झाले काय? पूर्वी मोजक्या भागांत असलेली डुकरे राज्यभर पसरली. कारण शिकार मिळावी म्हणून लोकच ती गाड्यांत घालून नव्या रानात सोडू लागले. २०११ मध्ये टेनेसीला तो मोसम बंद करावा लागला.

मला यात नवल वाटत नाही. कर्ज फिटावे अशी सावकाराची इच्छा कधी असते काय? शिकारीच्या फीवर ज्या जमीनमालकाची कमाई चालते, त्याला शेवटचे डुक्कर मेलेले परवडत नाही. शेजारचा मका पिकवणारा मात्र मरतो.

दुसरे कारण आम्हा युनियनवाल्यांना चटकन कळते. कळपातले एकदोन टिपले की बाकीचे पांगतात, सावध होतात, रात्रीचेच हिंडू लागतात. एकेकाला गाठून कळप संपत नाही. म्हणून जाणते लोक मोठा गोल पिंजरा उभारतात, काही दिवस मका टाकून अख्खा कळप आत येण्याची सवय लावतात, कॅमेऱ्यावर पाहतात आणि शेवटचे पिलू आत आल्यावर दूरूनच दार पाडतात. काम कंटाळवाणे आहे. त्यात मर्दुमकी नाही, फोटो नाही.

शिकाऱ्याला मी खलनायक ठरवत नाही. एकट्या शेतकऱ्याच्या हाकेला पुष्कळदा तोच धावतो, मांसही वाया घालवत नाही. पिंजऱ्यातून सुटलेले चलाख डुक्कर शेवटी बंदुकीनेच जाते. पण ती बंदूक कोणाच्या सांगण्यावरून उडते, हा प्रश्न आहे. मिसुरीच्या वन्यजीव खात्याने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली आणि लोकांना सांगितले: डुक्कर दिसले तर गोळी झाडू नका, आम्हाला कळवा. शिकारी चिडले. खात्याने पिंजरे लावणे चालू ठेवले.