चादर हाताला विचारून घ्या

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपली म्हण सांगते. तिला काळजी आहे ती अंथरुणाच्या लांबीची. ते कशाचं आहे, अंगाला कसं लागतं, याबद्दल ती काही बोलत नाही. आपणही बोलत नाही. साडी घ्यायला दहा दुकानं पालथी घालणारी माणसं चादर घेताना एवढंच पाहतात, की ती भिंतीच्या रंगाला शोभते का. दिवसाचे सहा-सात तास आपण तिच्यावर काढतो, आणि तेही डोळे मिटून. डोळे मिटल्यावर रंगाचं काय करायचं?

मी कापडाचा व्यापारी नाही. कविता लिहितो. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर सुताची भाषा पडतच असते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी जवळच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि त्या गावाचं नशीब पालटलं. शाहू महाराजांनी 1906 मध्ये शहरात कापडाची गिरणी काढली. गिरणी बंद पडली, तरी तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढीतली माणसं अजून भेटतात. आणि घाऊक कापड म्हटलं की गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं, वळिवड्याला, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथं वसली. बघता बघता बाजारपेठ उभी राहिली. घरदार सोडून आलेल्या माणसांनी इतरांच्या अंथरुणा-पांघरुणाचा व्यापार करावा, याचं मला नेहमी नवल वाटतं.

चादरीकडे मी नीट पाहिलं ते 2019 च्या उन्हाळ्यात. अम्माला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी मोठ्या हौसेनं गुलाबी फुलांची, चकचकीत चादर आणली. हात फिरवला तर लोण्यासारखी. अम्माला तिच्यावर निजवलं. तासाभरात ती म्हणाली, ‘‘बेटा, ये चद्दर गरम लगती रे.’’ कुशीवर वळवून पाहिलं, तर पाठ घामानं निथळत होती आणि चादर मात्र कोरडीच्या कोरडी. घाम तिनं घेतलाच नव्हता.

याचं कारण सोपं आहे. नेहमीच्या हवेतसुद्धा कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे कापूस घाम पितो आणि हळूहळू हवेला देऊन टाकतो. पॉलिएस्टरवर तो अंग आणि कापड यांच्यामध्येच अडकतो. धडधाकट माणूस रात्रीतून वीस वेळा कूस बदलतो, त्याला हे फारसं जाणवत नाही. ज्याला स्वतःहून वळता येत नाही, त्याच्यासाठी हीच गोष्ट जखमेची सुरुवात ठरू शकते. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी आम्हाला बजावलं होतं, ‘‘काका, दर दोन तासांनी कूस बदला. चादर किती का चांगली असेना, त्याला पर्याय नाही. पण चादरीवर एक सुरकुती ठेवू नका आणि ती ओली राहू देऊ नका.’’ दाब, घर्षण आणि ओल ही पाठीच्या जखमांची तीन कारणं. त्यातली दोन चादरीच्या हद्दीत येतात.

मग मी गांधीनगरला गेलो. गल्ल्यावर पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. मी चादरीवर तळहात फिरवत होतो, ते पाहून म्हणाले, ‘‘साहेब, हात फिरवून काय कळणार? मूठ आवळा.’’ त्यांनी एक कोपरा मुठीत गच्च धरला, दहापर्यंत आकडे मोजले आणि सोडला. कापडाला घड्या पडल्या. दुसऱ्या चादरीचं तसंच केलं, ती जशीच्या तशी सपाट. ‘‘चुरगळली ती सुती. नाही चुरगळली, तिच्यात दुसरं काहीतरी आहे.’’ पुढं त्यांनी पाण्याचा एक थेंब टाकून दाखवला. सुती कापडात तो पसरून मुरला, दुसऱ्यावर मोत्यासारखा उभा राहिला. आता नव्या सुती कापडावरही खळीमुळं थेंब थोडा वेळ थांबतो, तेव्हा या एका परीक्षेवर विसंबू नये. घरी आल्यावर काठाचा एक धागा ओढून पेटवून पाहावा. सूत कागदासारखं जळतं, मागं मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पाकिटावर ‘कॉटन फील’ लिहिलेलं असेल, तर ‘फील’ हा शब्द दोनदा वाचावा.

पण सुती म्हटलं की काम झालं, असंही नाही. मांजरपाटही सुतीच आणि मलमलही सुतीच. फरक सुताच्या बारकाईचा. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी निघतात, तो त्याचा काउंट. वीसचं सूत जाड, चाळीसचं त्याहून बारीक, साठचं आणखी बारीक. मग वीण. एक धागा वर, एक खाली, अशी साधी वीण असेल तर कापड हवेशीर आणि टिकाऊ. साटीन विणीत धागा चार धाग्यांवरून उडी मारून एकाखाली जातो, म्हणून ते गुळगुळीत लागतं, चमकतं. पण मोकळा राहिलेला तो धागा पैंजणात, नखात लवकर अडकतो. उन्हाळ्यात मला साधी वीणच बरी वाटते. ज्यांना थंडीत गुळगुळीत हवं, त्यांनी साटीन घ्यावं, फक्त सुती साटीन घ्यावं.

अलीकडं पाकिटावर धाग्यांचा आकडा छापतात. चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून ती संख्या होते. दोनशे ते चारशेच्या दरम्यान चांगली सुती चादर मिळते. आठशे, हजार हे आकडे बरेचदा पिळाच्या धाग्यातली एकेक लड वेगळी मोजून गाठलेले असतात. परीक्षेत वाढवून दिलेल्या गुणांइतकाच त्यांचा उपयोग!

खळीचं मात्र लक्षात ठेवावं. मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. इचलकरंजीत सायझिंग म्हणतात ते हेच. पुढं धुलाईत ती काढली, तरी विक्रीआधी कापडाला अंग यावं म्हणून काही जण पुन्हा कांजी चढवतात. दुकानात दणकट वाटलेली चादर पहिल्या धुण्यात गाळण्यासारखी विरळ होते ती यामुळं. दोन बोटांत चोळून पांढरी भुकटी निघते का, ते पाहावं. कापड उजेडासमोर धरावं. आणि सुती चादर आटते, तेव्हा गादीच्या मापापेक्षा चार-सहा इंच जास्तच घ्यावी.

सोलापुरी चादरीबद्दल कुणी विचारील. भौगोलिक मानांकन मिळालेली ही जाड जकार्ड चादर आपल्या मराठी मुलखाचं वैभव आहे. पण ती पांघरायची. डोंगरावरच्या एसटीत, डिसेंबरच्या पहाटे तिच्यासारखी ऊब नाही. अंथरली तर मात्र तिची नक्षी नाजूक कातडीला टोचते. अंथरायची आणि पांघरायची चादर वेगळी असते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. अंथरायला आमच्याकडं वाकळ असे, जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली. जुनं सूत मऊ का लागतं? खळ गेलेली असते, पीळ सैलावलेला असतो, शेकडो धुण्यांनी धागा नरमलेला असतो. हे कुठल्याही गिरणीतून आणता येत नाही.

अम्माला शेवटी आवडल्या त्या तिच्याच जुन्या सुती साड्या, दुहेरी करून अंथरलेल्या. वाकळीचे टाके तिला टोचायचे, म्हणून वाकळ खाली आणि साडी वर. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शहराचा पाणीपुरवठा बंद झाला, टँकरपाशी रांगा लागल्या. जाड चादर धुवायला पाणी नाही आणि धुतली तरी दोन दिवस वाळत नाही, अशी गत. साडी बादलीभर पाण्यात निघायची आणि घरात दोरीवर रात्रीतून सुकायची. धुण्याचं हे सगळं ओझं बायकोच्या अंगावर होतं. त्या दिवसांत तिनं पॉलिएस्टर मिसळलेली एक चादर वाकळीखाली गादीवर घातली, कारण ती चटकन वाळते. जिथं अंग टेकत नाही तिथं ती चालते, हे तिचं म्हणणं. मलाही ते पटलं.

अम्मा पुढच्या हिवाळ्यात गेली. तिच्या साड्यांपैकी दोन बायकोनं ठेवून घेतल्या. बाकीच्या शेजारच्या वहिनींनी मागून नेल्या. त्यांच्या लेकीला सातवा महिना लागला होता, बाळोत्यांना मऊ कापड हवं होतं.