ली नदी आणि तराफ्यावरचा माणूस



चीनची वीस युआनची नोट उलटून पाहा. तिच्यावर ली नदी आहे, काठचे सुळके आहेत आणि तराफ्यावर एक माणूस आहे. प्रवासी जातात ते सुळके पाहायला. मी बोलणार आहे त्या माणसाविषयी.

सृष्टिसौंदर्याचे थोडक्यात सांगतो. दक्षिण चीनमधील ग्वेलिन शहराभोवतीचे डोंगर चुनखडीचे. युगानुयुगे पावसाने खडक विरघळवला. उरले ते हे सुळके. ग्वेलिनपासून यांगश्वोपर्यंत सुमारे ८३ किलोमीटर नदी त्यांच्यामधून वाहते.

पण या पाण्याला माणसाचा हात फार पूर्वी लागला. इ. स. पूर्व २१४ च्या सुमारास सम्राट चिन शी ह्वांगने दक्षिणेतील फौजेला धान्य पोचवण्यासाठी लिंग कालवा खणवला. उत्तरेस यांगत्सेकडे जाणारी श्यांग आणि दक्षिणेस वाहणारी ली या नद्या त्याने जोडल्या. नांगराच्या फाळासारखा दगडी बांध पाणी दुभंगतो. सात वाटे श्यांगला, तीन लीला, अशी जुनी वाटणी. सम्राटाचे नाव सर्वांना ठाऊक आहे; खणणाऱ्यांचे कोणाला?

नदीवरचे कोळी पाणकावळ्यांकडून मासे धरवीत. पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधायची. लहान मासा खाली उतरतो. मोठा अडकतो, तो मालकाच्या टोपलीत. ही व्यवस्था आमच्या कामगारांना निराळी समजावून सांगावी लागत नाही! (हशा) आता कित्येक कोळी पक्षी घेऊन छायाचित्रासाठी उभे राहतात आणि पैसे घेतात. त्यांना मी हसणार नाही. उभे राहणे हेही कामच आहे.

१९७३ साली ग्वेलिन परदेशी प्रवाशांना खुले झाले. तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याने ली नासत होती. त्याच वर्षी डंग श्यावफिंग तेथे आले आणि त्यांनी याबद्दल कानउघाडणी केली. १९७९ च्या सुमारास काठचे अनेक कारखाने बंद झाले किंवा हलवले गेले. नदी निवळली, हे उत्तम झाले. कामगाराच्या घरातले पाणीही त्याच नदीचे असते. ‘नदी की नोकरी’ असा सवाल टाकून त्याला नदीचा वैरी ठरवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण नदीच्या नावाने आज होटेले चालतात, बोटींची तिकिटे खपतात. त्या मिळकतीवर पहिला हक्क मी बंद खात्यातल्या माणसाचा मानतो, आणि तो कारखान्याला कुलूप लागण्याआधी कागदावर आला पाहिजे, नंतर नव्हे.